दिंगबोचेला बंद पडलेली डिस्क: लॅपटॉपविना बारा दिवसांचे फोटो

साठीशांत नको, एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं, असं दादाने घरात जाहीर केलं आणि पुढचं वर्षभर तो नेमाने सिंहगड चढला. नोव्हेंबरमध्ये आम्ही चौघे निघालो: दादा, वहिनी, माझा भाचा आणि मी. कॅमेरा दादाचा, व्हिडिओचं वेड भाच्याचं आणि सगळ्या फोटोंची जबाबदारी माझ्याकडे. त्या जबाबदारीतलं काय निभावलं आणि काय हातचं गेलं ते इथे सविस्तर मांडते आहे. आमच्यासारखं लॅपटॉप घरी ठेवून जाणाऱ्या बऱ्याच जणांचं निम्मं नियोजन आमच्यासारखंच असतं, आणि आमचं नियोजन नेमकं त्या निम्म्यातच चुकलं.

लॅपटॉप न नेण्याचं कारण साधं होतं. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाच्या छोट्या विमानात माणशी १५ किलो सामान चालतं, १० किलो मोठ्या पिशवीत आणि ५ किलो हातातल्या. पुढे दोघांमागे एक पोर्टर, म्हणजे आपलं प्रत्येक जास्तीचं किलो दुसऱ्याच्या पाठीवर. चार्जरसकट लॅपटॉप दोन किलोंच्या घरात जातो. तेवढ्यात वहिनीचं डाउन जॅकेट आणि औषधांचा डबा बसत होता. शिवाय वरच्या टी-हाउसांत, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या घरांत, वीज बरीचशी सौरऊर्जेवर असते, चार्जिंगचे पैसे वेगळे द्यावे लागतात आणि जसजसं वर जावं तसतसा दर चढतो. लॅपटॉप तिथे परवडत नाही.

मग निघण्याआधी मी हिशेब मांडला. दादाचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, आणि तो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि जेपेग दोन्ही साठवतो. रॉ साधारण २५ एमबी, जेपेग ८ एमबी, म्हणजे एका क्लिकला ३३ एमबी. दिवसाला अडीचशे क्लिक धरले तर सव्वाआठ जीबी. भाच्याचा फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटच्या दराने, म्हणजे मिनिटाला ७५० एमबी. रोज दहा मिनिटं म्हटली तरी साडेसात जीबी. दोन्ही मिळून दिवसाला जवळपास १६ जीबी आणि बारा दिवसांत १९० जीबी. आमच्याकडे ६४ जीबीची दोन कार्डं होती.

इथे मी जे ठरवलं ते तेव्हा अगदी शहाणपणाचं वाटलं. घरात एक टीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क पडून होती. ती भाच्याच्या फोनला टाइप-सी हबने जोडायची, हबमध्येच कार्डही खोचायचं आणि रोज रात्री कार्ड डिस्कवर उतरवायचं. कार्ड भरलं की फॉरमॅट करून पुन्हा वापरायचं. पुण्यातच करून पाहिलं ते बरं झालं. डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि भाच्याचा फोन तिच्यावर काही लिहायला तयार नव्हता. ती एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतल्यावर सगळं सुरळीत चाललं. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डंही एक्सफॅटच असतात, त्यामुळे जो फोन नेणार तो ही पद्धत वाचतो आणि लिहितो का, हे घरी बसूनच पाहून घ्यावं. मात्र पुणे आहे ५६० मीटरवर. ही चाचणी मी तिथे घेतली.

काठमांडूत दोन दिवस होतो. पाटणचा दरबार चौक पाहिला, आणि दुसऱ्या संध्याकाळी बौद्धनाथला गेलो. वहिनीची आई त्याच वर्षी गेली होती. स्तूपाच्या कडेला ओळीने मांडलेल्या दिव्यांतला एक वहिनीने आईच्या नावाने लावला. दादाने तिचे फोटो काढले. दिव्याचा उजेड खालून चेहऱ्यावर येत होता, आणि ती कॅमेऱ्याकडे अजिबात बघत नव्हती. रात्री हॉटेलवर सगळं कार्ड डिस्कवर उतरवलं, ३८० फोटो आणि थोडे व्हिडिओ. त्यातले थोडे फोटो भाच्याने फोनवर घेऊन मावश्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले.

मोसमात लुक्लाची बरीच विमानं काठमांडूहून नाही, रामेछापच्या मंथलीहून सुटतात, त्यामुळे मध्यरात्रीनंतर गाडीने निघावं लागलं. पहाटे धावपट्टीजवळ थंडीत बसलो होतो. दादा म्हणाला, ‘‘डिस्कवर आहे ना सगळं? मग कार्ड कोरं करून टाकतो, वर जागा पुरायला हवी.’’ मी शेजारीच होते. मी ‘हो’ म्हटलं.

या सगळ्या प्रकरणाची चूक त्या ‘हो’मध्ये आहे. त्या क्षणापर्यंत काठमांडूच्या फोटोंच्या दोन प्रती होत्या. त्यानंतर एकच उरली, आणि ती मोठ्या पिशवीत, पोर्टरच्या पाठीवरच्या ओझ्यात जाणार होती. आपण त्याला ‘बॅकअप घेतला’ म्हणतो. प्रत्यक्षात फोटोंनी फक्त घर बदललेलं असतं.

लुक्ला ते फाकदिंग, मग ३,४४० मीटरवरचा नामचे बाजार, तिथे एक दिवस मुक्काम, मग तेंगबोचे. रोज रात्री जेवणाच्या खोलीत शेगडीभोवती बसून हब, कार्ड आणि डिस्क जोडायची. नामचेच्या दुसऱ्या रात्री फोनचा पडदा विझला आणि कॉपी अर्ध्यात थांबली. ती पूर्ण झाली असंच आम्ही समजत होतो. दादाच्या जुन्या सवयीने ते लक्षात आलं. तो बँकेतून निवृत्त झालेला, ताळा जुळवल्याशिवाय त्याला झोप येत नाही. कार्डावर ४१२ फायली आणि डिस्कवर ३८९. त्या रात्रीपासून त्याने डायरीत खतावणी सुरू केली: तारीख, कार्ड क्रमांक, फायलींची संख्या, एकूण जीबी, कोणी तपासलं. त्याच्या जोडीला पहिली फाइल, शेवटची फाइल आणि एक व्हिडिओ उघडून पाहायचा. नुसता आकडा जुळला तरी फाइल अर्धवट असू शकते. आणि फोनमध्ये ‘कॉपी’च करायचं, ‘मूव्ह’ कधीही नाही. मूव्ह करताना मध्येच केबल हलली तर काय इकडे राहिलं आणि काय तिकडे गेलं ते शोधत बसावं लागतं.

तेंगबोचेला चौथ्या संध्याकाळी पहिलं कार्ड भरलं. ते वेगळं काढून ठेवलं, दुसरं कॅमेऱ्यात घातलं. ठरल्याप्रमाणे दुसरं भरलं की पहिलं कोरं करायचं होतं.

पाचव्या दिवशी दिंगबोचे, ४,४१० मीटर. रात्री डिस्क जोडली तेव्हा आतून टक्, टक् असा आवाज येऊ लागला आणि फोनवर काहीच दिसेना. केबल बदलली, फोन बदलला, हबला पॉवर बँकेची वेगळी वीज दिली. डिस्क जॅकेटच्या आत धरून अर्धा तास ऊबही दिली. आवाज तसाच राहिला.

अशा डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला हजारो वेळा फिरतात, आणि माहिती वाचणारं टोक तबकडीला न टेकता तिच्यावर तरंगतं. ते तरंगतं हवेच्या पातळ थरावर, आणि ती फट काही नॅनोमीटरची असते. म्हणून या डिस्कला बाहेरची हवा आत घेणारं बारीक छिद्र असतं. हवा विरळ झाली की तो थर दुबळा होतो आणि टोक तबकडीला घासण्याचा धोका वाढतो. दिंगबोचेला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही थोडा कमी असतो. माणसाला जशी धाप लागते तशी डिस्कचीही अडचण होते. या डिस्कच्या माहितीपत्रकांत वापराच्या उंचीची मर्यादा दिलेली असते, आणि ती बहुतेक वेळा ३,०४८ मीटर, म्हणजे १०,००० फूट असते. नामचे त्याच्याही वर आहे. आम्ही तीन रात्री ती मर्यादा ओलांडून डिस्क चालवत होतो आणि ती चालते आहे म्हणून निश्चिंत होतो. पाच दिवस पोर्टरच्या ओझ्यात तिने धक्केही खाल्लेच असणार. उंची असो वा धक्का, फिरत्या तबकडीला दोन्ही मानवत नाहीत, आणि या वाटेवर दोन्ही अटळ आहेत.

शेगडीशी बसून चौघांनी विचार केला. भाच्याचा चेहरा उतरला होता. ‘‘आत्या, मी खाली नामचेला जाऊन काहीतरी विकत आणतो.’’ नामचेला दुकानं आहेत, मिळालंही असतं. पण उतरायला एक दिवस आणि परत चढायला दोन, आणि उंचीची सवय होत असताना तरुण मुलाने एकट्याने अशी धावपळ करणं गाइडने साफ नाकारलं. ते योग्यच होतं. दुसरा मार्ग म्हणजे पहिल्या कार्डावरचं नको ते पुसून जागा करणं. त्याला मी नकार दिला. दमलेल्या अवस्थेत, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहून काही पुसायचं नाही. तिथे नको वाटणारा फोटो घरी हवा होतो, आणि थंडीत बोट एक बटण पुढे जायला वेळ लागत नाही.

म्हणून आहे त्या जागेचा पुन्हा ताळा मांडला. पहिलं कार्ड भरलेलं, तशाच अवस्थेत जपायचं. दुसऱ्यावर ४८ जीबी शिल्लक. परत नामचेला पोचेपर्यंत फोटोंचे चार दिवस: दिंगबोचेचा मुक्काम, लोबुचे, गोरक्षेप आणि बेस कॅम्प, काला पत्थर आणि उतरण. रोज सव्वाआठ जीबी फोटोंचे ३३, आणि व्हिडिओ दिवसाला तीन मिनिटांवर आणला तर त्याचे नऊ. एकूण ४२. बसत होतं. भाच्याने व्हिडिओची तीन मिनिटं मान्य केली आणि पुढे शब्द पाळला. बेस कॅम्पला त्याने चाळीस सेकंद वापरले, बाकीचे काला पत्थरसाठी राखून ठेवले.

राहिला दुसऱ्या प्रतीचा प्रश्न. भाच्याच्या फोनमध्ये ११० जीबी मोकळे होते. पाच दिवसांचे जेपेग १० जीबी, व्हिडिओ साडेसदतीस. रॉ फायली मुद्दाम वगळल्या, कारण पुढच्या दिवसांनाही जागा लागणार होती, आणि गच्च भरलेला फोन नीट चालत नाही. फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये प्रकारानुसार क्रम लावला की जेपेग वेगळे निवडता येतात. थोडं किचकट काम आहे, पण होतं. सगळं उतरायला दोन रात्री मिळून अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागला. जेपेग ही रॉची बरोबरीची प्रत नाही, हे मला माहीत आहे. पण कार्ड हरवलं असतं तर दादाच्या हातात निदान छापण्याजोगा फोटो राहिला असता, आणि अशा ठिकाणी मी परिपूर्णतेपेक्षा तेच निवडेन.

मग वस्तू वाटून दिल्या. भरलेलं कार्ड दादाच्या गळ्यातल्या पासपोर्टच्या पाऊचमध्ये, फोन भाच्याकडे. कोणतीही प्रत पोर्टरच्या ओझ्यात नाही आणि दोन प्रती एका माणसाकडे नाहीत. या वाटेवर माणसं घसरतात, आजारी पडतात, कधी एकाला हेलिकॉप्टरने खाली न्यावं लागतं आणि त्याची पिशवी मागे राहते. एकाच पिशवीतल्या दोन प्रती एकदमच जातात.

ढगात, म्हणजे क्लाउडवर, का नाही टाकले, असं परतल्यावर अनेकांनी विचारलं. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या या भागात, इंटरनेट मिळतं, एव्हरेस्ट लिंक या तिथल्या इंटरनेट कंपनीची प्रीपेड कार्डं टी-हाउसांत विकत मिळतात. पण अपलोडचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट धरला तरी एका दिवसाच्या फक्त फोटोंना साडेतीन तासांहून जास्त लागतात, तेही जोडणी एकदाही न तुटता आणि फोनचं चार्जिंग न संपता. म्हणून आम्ही रोजचे वीस निवडक जेपेग वर चढवले. १६० एमबी, चार-पाच मिनिटांचं काम. गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून सगळंच १५ जीबीच्या फुकट जागेत मोजलं जातं, आणि तीत जीमेलही वाटेकरी असतं. निघण्याआधी तिथे किती जागा उरली आहे ते पाहिलं नाही, तर अपलोड वाटेत गुपचूप थांबतं. आणखी एक गोष्ट आम्ही काठमांडूतच ठरवून घेतली होती: जागा करण्यासाठी त्या अ‍ॅपमधून फोटो हाताने डिलीट करायचा नाही. तसा केला तर तो ढगातूनही जातो. फोनवरची प्रत तेवढी काढायची तर त्यासाठीचा वेगळा पर्याय वापरावा लागतो.

गोरक्षेपला, ५,१६४ मीटरवर, खरा त्रास विजेचा झाला. थंडीत लिथियम बॅटरी भराभर उतरते. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, फोन आणि पॉवर बँक मोज्यात गुंडाळून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपलो. आमच्या दोन पॉवर बँका प्रत्येकी २०,००० एमएएचच्या होत्या, म्हणजे ७४ वॉट-तास. विमानात विनापरवानगी १०० वॉट-तासांपर्यंत चालते, आणि तीही हातातल्याच पिशवीत. एकीतून फोन साधारण तीनदा भरायचा. कार्डांची थंडीत काळजी नव्हती, त्यांच्यात हलणारं काही नसतं. मात्र थंडगार कॅमेरा शेगडीच्या उबेत नेला की त्यावर दव धरतं. म्हणून बाहेरच तो झिप-लॉक पिशवीत बंद करायचा, आत नेऊन तासभर तसाच ठेवायचा आणि मगच कार्ड काढायचं.

काला पत्थरच्या माथ्यावर, साडेपाच हजार मीटरच्याही वर, सूर्य एव्हरेस्टच्या मागून आला. दादाने बारा-पंधराच फोटो काढले आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. त्याला नुसतं बघायचं होतं.

दहाव्या दिवशी नामचेला उतरलो आणि बाजारात २५६ जीबीचा टाइप-सी पेनड्राइव्ह घेतला. टी-हाउसच्या दिदीने चार्जिंगचा कोपरा आम्हाला रात्रभर दिला. दोन्ही कार्डं, रॉसकट, त्यावर उतरवली. दादाने डायरी उघडून ताळा जुळवला आणि पेनड्राइव्ह वहिनीच्या कमरेच्या पाऊचमध्ये गेला. आता रॉच्या दोन प्रती आणि जेपेगच्या तीन, तीन माणसांकडे. त्या रात्री मी प्रथमच नीट झोपले.

पुण्यात आल्यावर फोटो एकत्र लावताना एक गंमतशीर गोंधळ सापडला. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं. फोनने आपली वेळ आपोआप बदलली, कॅमेरा भारतीय वेळेवरच राहिला. वेळेनुसार क्रम लावला की फोनमधले फोटो कॅमेऱ्यातल्यांच्या पाव तास पुढे सरकायचे: दादा पूल ओलांडून पलीकडे बसलाय, आणि त्याच्या पुढच्या फोटोत तो अजून पुलाकडे उतरतोय. संगणकावर सगळ्या कॅमेरा-फोटोंची वेळ १५ मिनिटांनी एकदम पुढे करता येते, तशी केली. पण काठमांडूत उतरल्या उतरल्या कॅमेऱ्याचं घड्याळ लावणं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

डिस्क माहिती परत मिळवून देणाऱ्या एका ठिकाणी दिली. त्यांनी ती उघडून पाहिली. टोक तबकडीला घासून पृष्ठभागावर ओरखडे पडले होते. काहीही निघालं नाही.

ट्रेकचा एकही फोटो गेला नाही. गेले ते काठमांडूचे ३८०, कारण त्यांचं कार्ड मंथलीला कोरं झालं होतं आणि त्यावर नवे फोटो लिहिले गेले होते. एक गोष्ट मला आजही लागून राहिली आहे. ते कार्ड आम्ही कोरं केलंच नसतं आणि काठमांडूतच ६४ जीबीची आणखी दोन कार्डं घेतली असती, तर हे लिहायची वेळ आली नसती. कार्डाचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास असतं. आम्ही औषधाच्या गोळ्यासुद्धा मोजून नेल्या होत्या, आणि चार ग्रॅमची कंजुषी केली.

या वर्षी मैत्रिणींचा एक गट त्याच वाटेने निघाला तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं. कार्डं इतकी घ्या की घरी येईपर्यंत एकही फॉरमॅट करावं लागू नये. कॅमेऱ्याला दोन खाचा असतील तर दोन्हींत एकाच वेळी लिहायला लावा. दुसऱ्या प्रतीसाठी एसएसडी घ्या. तिच्यात तबकडी नसते, वजन शंभर ग्रॅमच्या आत असतं, आणि ती उंचीला आणि धक्क्यांना घाबरत नाही. त्यांच्यातल्या एकीकडे आयफोन होता. १५ क्रमांकाच्या मालिकेपासून, म्हणजे २०२३ पासून, आयफोनला टाइप-सी आहे, त्यामुळे एसएसडी थेट जोडता येते आणि ‘फाइल्स’ अ‍ॅपमध्ये दिसते. जुन्या आयफोनला वेगळा अडॅप्टर आणि बाहेरची वीज लागते. तिने आधी घरी सराव केला, नंतर सिंहगडावर जाऊनही केला. सिंहगडाची उंची १,३०० मीटरच आहे, पण थंडगार बोटांनी, लॅपटॉप हाताशी नसताना ते करून पाहणं वेगळं असतं.

वहिनीचा बौद्धनाथचा फोटो आहे. भाच्याने त्या रात्री मावश्यांना जे फोटो पाठवले, त्यांत तो होता. काही महिन्यांत भाच्याने फोन बदलला आणि त्याच्याकडची मूळ प्रतही राहिली नाही. कोल्हापूरच्या मावशींच्या फोनमध्ये मात्र तो अजून होता. व्हॉट्सअ‍ॅपने तो आक्रसून टाकला आहे, लांबीला १,६०० पिक्सेल. छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल धरले तर सव्वापाच इंचांपलीकडे तो मोठा होत नाही. दादाला तो बारा बाय अठरा करून बैठकीच्या खोलीत लावायचा होता. आम्ही त्याची सव्वापाच बाय साडेतीन इंचांची प्रत काढली, चिमुकल्या चौकटीत बसवली, आणि वहिनीने ती देवघरात आईच्या तसबिरीशेजारी ठेवली आहे.